जनावर सगळ्यांचं, कुरण एकाचं

मुंबईत किंवा पुण्यात घर-जमिनीच्या व्यवहारात पडलेल्या माणसाला 'टीडीआर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या जमिनीवर रस्त्याचं किंवा बागेचं आरक्षण पडलं आणि ती जमीन तुम्ही पालिकेच्या स्वाधीन केलीत, की पालिका रोख पैशाऐवजी एक प्रमाणपत्र देते. त्यावर लिहिलेलं बांधकाम तुम्ही दुसरीकडे करा, नाहीतर ते प्रमाणपत्रच बिल्डरला विकून मोकळे व्हा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ही पद्धत मुंबईत आणली. जमीन एकीकडे, तिच्यातून निघालेला हक्क दुसरीकडे आणि दोघांच्या मधे बाजार, असा हा मामला.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काही राज्यांत असाच एक कागद आहे. त्यावर चौरस फुटांचा हिशेब नसतो, एक जिवंत जनावर असतं. हे जनावर बहुधा एल्क असतं. आपल्या सांबराच्या कुळातलं, पण सांबराहून मोठं. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. न्यू मेक्सिको किंवा कोलोरॅडोत हजारो एकरांची रँच असलेल्या मालकाला राज्य सरकार दरवर्षी काही एल्कच्या शिकारीची अधिकारपत्रं देतं. मालकाने स्वतः शिकार करावी, मुलाला पाठवावं, किंवा ते अधिकारपत्र परक्याला विकावं. घेणारा ते दाखवून सरकारकडून परवाना घेतो आणि मारलेल्या जनावराला अडकवायची चिठ्ठी त्याला मिळते. या चिठ्ठीला तिकडे 'टॅग' म्हणतात. सरकारी परवान्याची फी स्थानिक माणसाला शे-सव्वाशे डॉलर. मालकाकडच्या अधिकारपत्राची बाजारातली किंमत मात्र कित्येक हजार डॉलर.

मी शिकारी नाही. बंदुकीशी माझा संबंध पुस्तकापुरताच. तरी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या कागदाने मला गुंतवून ठेवलं आहे. कारण त्या इवल्याशा चिठ्ठीमागे एक फार जुना प्रश्न उभा आहे. रानात फिरणारं जनावर कोणाचं? राजाचं, जमीनदाराचं, सगळ्यांचं, की ज्याच्या शेतातलं गवत ते खातं त्याचं?

शंभर पौंडांची अट

या प्रश्नाचं इंग्लंडने दिलेलं उत्तर आधी पाहू, कारण अमेरिकेची सगळी व्यवस्था त्या उत्तराविरुद्ध उभी राहिली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि मोठमोठे प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवले. तिथलं हरीण मारणं हा राजाविरुद्धचा गुन्हा झाला. पुढे हा राजाचा हक्क पाझरत पाझरत जमीनदारांकडे आला. १६७१ च्या कायद्याने तर त्यावर आकडाच घातला. ज्याला स्वतःच्या मालकीच्या जमिनीतून वर्षाला किमान शंभर पौंड उत्पन्न आहे, त्यानेच ससा किंवा तितर मारावा. त्या काळी इंग्लंडच्या ग्रामीण मतदारसंघात मत द्यायला चाळीस शिलिंगांचं, म्हणजे दोन पौंडांचं उत्पन्न पुरत असे. राज्यकर्ता निवडायला जेवढी मिळकत लागे, तिच्या पन्नास पट मिळकत तितर मारायला लागे! लहान शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात, स्वतःचं पीक खाणाऱ्या सशावरही हात टाकता येत नसे.

१८१६ च्या कायद्यानुसार रात्री जाळं किंवा हत्यार घेऊन रानात सापडलेल्या माणसाला सात वर्षं समुद्रापार धाडता येत असे. शिकारीच्या मांसाची विक्री १७५५ पासून सर्वस्वी बंद होती. त्यामुळे चोरबाजार तेवढा फोफावला. अखेर १८३१ मध्ये मिळकतीची अट गेली. परवाना काढेल त्याला शिकारीची मुभा मिळाली, पण ज्याची जमीन त्याची परवानगी हवी. जमीनदारांनी कुळांबरोबरच्या करारांत शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. कुळाचा कोबी सशांनी खाल्ला तरी कुळाने बघत बसायचं. ससे आणि रानससे मारण्याचा अधिकार कसणाऱ्याला मिळायला १८८० साल उजाडावं लागलं. पीक एकाचं आणि शिकार दुसऱ्याची, हे भांडण काही आजचं नाही.

राजाचं होतं ते रयतेचं

अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या मनात या कायद्यांची चीड होती. तिकडे रान अफाट, माणसं थोडी. कोणीही कुठेही शिकार करावी, असा रिवाज पडला. स्वातंत्र्यानंतर कायद्यानेही हा विचार उचलला. १८४२ मध्ये न्यू जर्सीतल्या कालवांच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राजा गेला तेव्हा सार्वभौमत्व जनतेकडे आलं; पाणी आणि त्यातले जीव आता सगळ्यांच्या सामाईक उपयोगासाठी आहेत. १८९६ च्या आणखी एका निकालाने शिकारीचे पक्षी राज्याच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या मालकीचे ठरवले. १९७९ मध्ये न्यायालयाने ही 'मालकी' शब्दशः घ्यायला नकार दिला, पण वन्यजीवांचा सांभाळ जनतेच्या वतीने राज्याने करायचा, ही कल्पना कायम राहिली. तिकडची बहुतेक सगळी शिकार-व्यवस्था या एका वाक्यावर उभी आहे. जमीन तुमची असेल, तिच्यावर उभा असलेला एल्क तुमचा नाही.

पण सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, असंही होऊन बसतं. रेल्वे आली, शहरं वाढली, मांस आणि कातड्यांचा बाजार तेजीत आला. तीन कोटींच्या घरात असलेले गवे १८८९ च्या सुमारास हजाराच्या आत आले. आकाश झाकोळून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. एल्कची संख्या एकेकाळी कोटीच्या आसपास असावी असा अंदाज आहे. १९०० च्या सुमारास ती लाखाच्याही खाली गेली.

मग जाग आली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या शिकारीची राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली आणि मांसासाठी चालणाऱ्या घाऊक शिकारीचा कणा मोडला. राज्यांनी परवाने, हंगाम आणि संख्या ठरवून दिली. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. परवान्यांची फी दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला यातला पैसा मिळणार नाही, अशी चोख अटही त्यात होती. शिकाऱ्यांच्या पैशावर एल्क पुन्हा वाढले. आज उत्तर अमेरिकेत ते दहा लाखांच्या आसपास आहेत.

मागणी मात्र त्याहून वाढली. तेव्हा राज्यांनी सोडत सुरू केली. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची असते तशीच. अर्ज करा, फी भरा, नाव निघालं तर टॅग घ्या. चांगल्या विभागांत लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात. त्या सोडतीत कारखान्यातला कामगार आणि कारखान्याचा मालक यांच्या नावाची चिठ्ठी एकाच आकाराची असते. इंग्लंडच्या शंभर पौंडांच्या अटीला अमेरिकेने दिलेलं हे खरं उत्तर.

खाली कुरण, वर डोंगर

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. आता रँचवाल्याची बाजू ऐकू, कारण तीही खोटी नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन देऊ केली. पश्चिमेच्या कोरड्या मुलखात लोकांनी साहजिकच पाणी असलेल्या, खोऱ्यातल्या जमिनी धरल्या. वरचे बर्फाचे डोंगर कोणालाच नको होते. ते सरकारकडे राहिले आणि पुढे राष्ट्रीय वनं झाली. एल्कला मात्र दोन्ही लागतात. उन्हाळ्यात तो वर चढतो आणि बर्फ पडलं की खाली उतरतो. खाली म्हणजे कोणाच्यातरी खासगी कुरणात. वर्षातले आठ महिने सरकारचा पाहुणा आणि उरलेले चार महिने शेतकऱ्याचा! शंभर-दोनशे एल्कचा कळप एका रात्रीत गवताच्या गंजीची काय अवस्था करतो आणि कुंपणाच्या तारा कशा लोळवतो, हे तिकडच्या शेतकऱ्याला विचारावं. तो म्हणतो, "जनावर जनतेचं आहे ना? मग त्याचा चारा जनतेने द्यावा." या प्रश्नाला फक्त 'एल्क सगळ्यांचा आहे' एवढं सांगून भागत नाही.

हे सर्वांत आधी नीट ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे आल्डो लिओपोल्ड. १९०९ मध्ये वनखात्याच्या नोकरीत तो नैऋत्येकडे, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत आला. पुढे त्याच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये एक राष्ट्रीय शिकार-धोरण तयार झालं. त्याचा मथितार्थ असा, की स्वस्त मिळेल तिथे जमीन सरकारने घ्यावी. उरलेल्या ठिकाणी जमीनमालकाला जनतेच्या जनावरांचा राखणदार मानावं, बेजबाबदार शिकाऱ्यांपासून त्याला संरक्षण द्यावं आणि जमीन वन्यजीवांसाठी राखल्याबद्दल मोबदला द्यावा. राखणदार हा शब्द महत्त्वाचा आहे. राखणदाराला पगार मिळतो, पण राखलेला माल त्याचा होत नाही.

मोबदला कशाच्या रूपात, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षं रेंगाळला. १९८० आणि १९९० च्या दशकांत राज्यांनी त्याचं एक सोयीचं उत्तर शोधलं. खात्याकडे पैसे नाहीत, टॅग आहेत. मग टॅगच द्यावेत.

कोलोरॅडोत किमान १६० एकरांच्या मालकाला वेगळ्या सोडतीत भाग घेता येतो आणि मिळालेलं अधिकारपत्र दुसऱ्याला देता येतं. हा १६० एकरांचा आकडा थेट होमस्टेड कायद्याची आठवण करून देतो. युटामध्ये मालकांनी एकत्र येऊन एल्कसाठी किमान दहा हजार एकरांचं क्षेत्र उभं केलं, तर बहुतांश टॅग त्यांना विकता येतात; ठरलेला हिस्सा सोडतीतल्या लोकांना द्यावा लागतो आणि त्यांना रँचवर फुकट येऊ द्यावं लागतं. नेवाडात हिशेब आणखी थेट आहे. खासगी जमिनीवर नुकसान करणारी जनावरं मोजायची आणि दर पन्नास जनावरांमागे मालकाला एक टॅग द्यायचा. न्यू मेक्सिकोने दोन प्रकार केले. एका अधिकारपत्रावर फक्त त्या रँचवर शिकार करता येते. दुसऱ्यावर पूर्ण विभागात, सरकारी जमिनीवरसुद्धा. पण मग मालकानेही आपली जमीन तसाच परवाना असलेल्या इतर शिकाऱ्यांना खुली ठेवायची.

खर्च कोणाच्या खात्यात?

या व्यवस्थेचे फायदे मी नाकारत नाही. ज्या कळपाचा राग यायचा, तोच उत्पन्नाचा झाला की मालक पाणवठा बांधतो, गवत राखतो, कुंपणाची खालची तार वर घेतो. गुरांच्या धंद्यात तोटा आला तरी टॅगच्या पैशावर रँच तगते. नाहीतर ती तुकडे पाडून बंगल्यांसाठी विकली जाते आणि मग एल्कही गेला आणि कुरणही गेलं.

पण खर्च? तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. सरकारने मालकाला दहा हजार डॉलरचा धनादेश दिला असता तर विधिमंडळात त्यावर चर्चा झाली असती, वर्तमानपत्रांत आकडे आले असते. त्याऐवजी दहा हजारांना विकला जाईल असा कागद दिला, की कोणी काही विचारत नाही. खात्याला दोन्ही वेळा मिळते ती परवान्याची फी. वरची सगळी रक्कम मालकाची. ती रक्कम विकत घेणारा भरतो हे खरं. पण त्या टॅगची दुसरी किंमत भरतो तो सोडतीत उभा असलेला माणूस. तो पैसे भरत नाही, तो वर्षं मोजतो.

साधा हिशेब मांडून पाहू. न्यू मेक्सिकोच्या कायद्यानुसार सोडतीतले ८४ टक्के टॅग राज्यातल्या रहिवाशांना, १० टक्के वाटाड्याबरोबर करार केलेल्यांना आणि ६ टक्के बाहेरच्यांना. ऐकायला रहिवाशांना झुकतं माप वाटतं. आता समजा एका विभागात १०० टॅग आहेत आणि त्यांतले २५ आधीच जमीनमालकांकडे गेले. सोडतीत उरले ७५. त्यांचे ८४ टक्के म्हणजे ६३. मालकांचे २५ टॅग खुल्या बाजारात जातात आणि खुल्या बाजारात राज्याची सीमा नसते. टेक्ससचा तेलवाला आणि कॅलिफोर्नियाचा डॉक्टर तिथे रांगेत पुढे असतात. कायद्याच्या पुस्तकात ८४ टक्के आणि हातात शंभरातले ६३! आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, विभागाविभागांत ते वेगळे असतील. पण गणिताची रीत हीच. म्हणूनच तिथल्या शिकाऱ्यांच्या संघटना या पद्धतीविरुद्ध सातत्याने बोलत आल्या आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबदला नुकसानीप्रमाणे मिळत नाही, जमिनीप्रमाणे मिळतो. १६० एकरांची अट असेल तिथे वीस एकर लसूणघासाचं शेत एल्कने साफ केलेल्या शेतकऱ्याला टॅग नाही. ज्याला झळ अधिक त्याला कागद कमी, असं होऊ शकतं. नेवाडाची जनावरं मोजण्याची रीत या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

सातबारा कोणाच्या नावावर?

तिसरा मुद्दा इतिहासाचा आहे आणि मला तो सर्वांत टोचतो. टॅग जमिनीच्या मालकीला चिकटलेला असेल, तर मालकी कशी आली हेही विचारावं लागतं.

उत्तर न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश भाषक गावांना स्पेन आणि मेक्सिकोच्या राजवटीत सामाईक जमिनी मिळालेल्या होत्या. आपल्या गायरानासारख्या, चराई, सरपण आणि शिकार सगळ्या गावाची. १८४८ च्या तहानंतर हा मुलूख अमेरिकेकडे आला. मालमत्तेच्या हक्कांचा आदर करण्याचं वचन तहात होतं. पण सामाईक मालकी अमेरिकी कागदपत्रांत बसेना. वकील, सट्टेबाज आणि न्यायालयं यांच्या हातून बऱ्याचशा जमिनी खासगी रँचकडे किंवा राष्ट्रीय वनांकडे गेल्या. तिएर्रा अमारिया नावाच्या गावात हा राग ५ जून १९६७ रोजी उफाळला. रेईस लोपेझ तिहेरिना याच्या साथीदारांनी तिथल्या न्यायालयावर सशस्त्र चाल केली. आज तो भाग उत्तम एल्क असलेला मुलूख म्हणून ओळखला जातो. ज्यांच्या पणजोबांच्या गायरानात एल्क चरतो, त्यांनी सोडतीत नाव निघण्याची वाट पाहायची आणि सातबारा ज्याच्या नावावर आला त्याने टॅग विकायचा, हे चित्र तिथल्या माणसाला कसं दिसत असेल?

पण गोष्टीची दुसरी बाजूही त्याच परिसरात आहे. १८४१ मध्ये मेक्सिकोच्या गव्हर्नरने दिलेल्या एका इनामाची हद्द वाढत वाढत सतरा लाख एकरांवर गेली आणि १८८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच मॅक्सवेल इनामातून वर्मेहो ही रँच निघाली. न्यू मेक्सिकोतला मूळचा एल्क १९०० च्या सुमारास नाहीसा झाला होता. तो परत आला तो बाहेरून आणल्यामुळे, आणि यलोस्टोनकडचे एल्क विकत घेऊन सोडणाऱ्यांत वर्मेहोचा तेव्हाचा धनाढ्य मालक होता. म्हणजे 'जनतेचं' जनावर तिथे परत आणण्यात एका खासगी माणसाच्या पैशाचाही वाटा आहे. १९८२ मध्ये तेव्हाच्या मालक तेल कंपनीने या रँचचा सुमारे लाख एकरांचा तुकडा देशाला दिला. तो व्हाये विदाल. आज तिथे सोडतीत नाव निघालेला कोणीही एल्क मारू शकतो, पण शिंगवाल्या नराचा टॅग आयुष्यात एकदाच. कुंपणाच्या अलीकडे जन्मात एकदा येणारी सामान्य माणसाची पाळी. पलीकडे हजारो डॉलर मोजणाऱ्या पाहुण्यांची शिकार. एल्कला मात्र कुंपणाचा पत्ता नाही, तो एका उडीत अलीकडचा पलीकडे होतो.

दुसऱ्या वाटा

टॅग विकू देणं हा एकच मार्ग होता का? शेजारच्या राज्यांकडे पाहिलं तर तसं दिसत नाही. वायोमिंगमध्येही १६० एकरांच्या मालकाला टॅग मिळतो. पण त्याच्या जमिनीवर त्या जनावरांचा वर्षातून किमान दोन हजार दिवसांचा वावर असला पाहिजे, म्हणजे दहा जनावरं दोनशे दिवस किंवा शंभर जनावरं वीस दिवस. शिवाय तो टॅग कुटुंबाबाहेर जात नाही. तो विकण्याची मुभा द्यावी असे प्रस्ताव तिथे पुन्हा पुन्हा आले आणि पडले.

मोंटानाने १९८५ पासून वेगळी वाट धरली. जो मालक आपली जमीन सामान्य शिकाऱ्यांना खुली ठेवतो त्याला सरकार रोख पैसे देतं. किती शिकारी येऊन गेले त्याच्या हिशेबाने. लाखो एकर खासगी जमीन यामुळे खुली झाली. याच राज्यात बाहेरून येणाऱ्या आणि व्यावसायिक वाटाड्यांचं गिऱ्हाईक झालेल्या शिकाऱ्यांसाठी ५,५०० परवाने राखून ठेवलेले होते. २०१० मध्ये लोकांनी थेट मतदान घेऊन ती राखीव वाट बंद केली आणि सगळ्यांना एका सोडतीत आणलं. कोलोरॅडोने पद्धत सोडली नाही, पण दलाली बंद केली. अधिकारपत्र मालकाने थेट शिकाऱ्यालाच द्यायचं आणि त्याला आपल्या जमिनीवर येऊ द्यायचं. नुसता कागद विकायचा आणि फाटक बंद ठेवायचं, हे चालणार नाही.

फाटकावरून आठवलं. वायोमिंगमध्ये रेल्वेला दिलेल्या जुन्या जमिनींमुळे सरकारी आणि खासगी तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे पसरलेले आहेत. चार शिकारी एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकून गेले. खासगी जमिनीला त्यांचा पायही लागला नाही. रँचमालकाने हवेतल्या अतिक्रमणाचा दावा लावला! २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला, तोही १८८५ च्या एका कायद्याच्या आधाराने. सरकारी जमिनीला बेकायदा कुंपण घालू नये, असं तो गुरं राखणाऱ्या बड्या मालकांच्या काळातला कायदा सांगतो. जुने कायदे असे अधूनमधून कामाला येतात.

राखणदाराचा पगार

माझं मत विचाराल तर मालकाला मोबदला मिळालाच पाहिजे. जनतेचं जनावर एका शेतकऱ्याच्या खर्चाने पोसणं हा जनतेने केलेला अन्याय आहे. पण मोबदला आणि मालकी यांत एक रेषा आहे आणि विकता येणारा टॅग ती हळूहळू पुसतो. आज राखणदारीबद्दल मिळालेला कागद उद्या जमिनीच्या किमतीत धरला जातो. परवा ती रँच विकत घेणारा म्हणतो, मी एल्कचेही पैसे मोजले आहेत. मग ते टॅग कमी करणं म्हणजे त्याची मिळकत हिरावणं ठरतं. इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क जमिनीच्या मिळकतीला बांधला गेला. तो सुटायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. अमेरिकेत शंभर पौंडांची अट कोणी लिहिलेली नाही. पण टॅग फक्त बाजारातच मिळू लागला तर ती अट न लिहिताच येईल.

म्हणून अशा व्यवस्थेला मी तीन साधे प्रश्न विचारीन. मोबदला झालेल्या नुकसानीला आणि राखलेल्या रानाला धरून आहे, की नुसत्या एकरांना? मालकाला जे मिळतं त्याच्या बदल्यात सामान्य माणसाला फाटक उघडतं का? आणि या सगळ्याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे उघड मांडला जातो का? तिन्हींची उत्तरं होय असतील तर टॅग विकला गेला म्हणून फारसं बिघडत नाही. तिन्ही नाही असतील तर सोडत ही फक्त मनाच्या समाधानापुरती उरते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखीव होतं. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली परवाना काढून शिकार करता येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर कडक बंधनं आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकार संपवली. ते योग्यच झालं. शिकारीचे टॅग इथे आणावेत असं मी सुचवत नाही. पण हाच कायदा मेलेल्या वन्यप्राण्यालाही सरकारची मालमत्ता मानतो. मेलेला प्राणी सरकारचा, तर जिवंतपणी त्याने खाल्लेलं पीक कोणाच्या खात्यावर? विदर्भात रोह्यांच्या आणि रानडुकरांच्या भीतीने थंडीत रात्रभर जागलीला बसणारा शेतकरी, पीक गेल्यावर पंचनाम्यासाठी वाट पाहणारा शेतकरी, तोही जनतेचा राखणदारच आहे. फरक एवढाच, की तिकडच्या राखणदाराला विकायला एक कागद मिळतो आणि इकडच्या राखणदाराला पंचनाम्याची प्रत.

वन्यजीव सगळ्यांचे आहेत, हे म्हणणं सोपं आहे आणि ते खरंही आहे. पण सगळ्यांचं म्हटलं की बिलही सगळ्यांनी मिळून भरायचं असतं, आणि ते उघडपणे भरायचं असतं. एकट्या शेतकऱ्याच्या शेतातून ते वळतं करून घेणं बरं नव्हे, आणि सोडतीच्या रांगेतल्या माणसाच्या वाट्यातून गुपचूप कापून घेणंही बरं नव्हे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)